व्हॅनवाल्या ताईंच्या गॅरेजचा कोबा

सोमवार, ९ तारीख

ही म्हणाली, "तुमच्या मनातल्या धास्त्या झोपायच्या वेळी मला ऐकवण्यापेक्षा वहीत लिहीत जा. निदान माझी तरी झोप होईल." बायकोचं ऐकावं असं शहाणे लोक सांगतात, म्हणून आजपासून ही वही. खिशात मावेल अशीच घेतली आहे, कारण धास्ती कुठे गाठेल याचा नेम नाही.

मी मुळात भित्रा माणूस आहे. पंधरा वर्षं लिफ्टच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायची नोकरी केली. लिफ्ट अडकली, लिफ्ट हादरे देते, लिफ्टमधून कुरकुर ऐकू येते. ऐकून ऐकून मी स्वतः जिने चढायला लागलो. गेल्या वर्षी कंपनीने आमचा विभागच गुंडाळला आणि मी सासरेबुवांच्या धंद्यात आलो.

सासरेबुवा लोकांच्या गॅरेजमध्ये आणि तळघरांत कोबा करून देतात. साधासुधा नाही. गाडी फिरवा, तेल सांडा, वरून लोखंड पाडा, त्याला ढिम्म काही होत नाही. त्यांच्या हाताला तोड नाही, हे त्यांच्यावर जळणारेही कबूल करतात. मी घमेली उचलतो, मापं घेतो आणि गिऱ्हाइकांशी फोनवर बोलतो. फोन सासरेबुवांना आवडत नाही. "बोलायचं तर माणूस समोर पाहिजे," म्हणतात.

आज व्हॅनवाल्या ताईंचं गॅरेज बघितलं. ताई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. गॅरेजची जुनी फरशी उडाली आहे, जागोजाग खड्डे. जुनी फरशी ठेवून तिच्यावर नवा कोबा घालायचा की सगळं उखडायचं, हे ठरवायची सासरेबुवांची एक रीत आहे. ते एक लोखंडी साखळी फरशीवरून ओढत गॅरेजभर फिरतात. खाली भरीव असेल तर साखळी खणखणते. खाली पोकळी असेल तर आवाज बसतो आणि घुमतो. बाकीचे लोक यंत्रं आणतात. सासरेबुवा म्हणतात, "फरशी बोलते. आपण फक्त ऐकायचं."

मागच्या कोपऱ्यात छपराच्या पन्हळीचा पाइप भिंतीलगत खाली जमिनीत गेलाय. तिथे साखळीचा आवाज बदलला. निदान मला तसं वाटलं. मी मागून म्हणालो, "बाबा, इथे जरा पोकळ वाटतंय." ते साखळी ओढत पुढे गेले. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मग दारात उभ्या असलेल्या ताईंना त्यांनी निकाल सांगितला, "दगड आहे दगड. उखडायची गरज नाही. वर दोन बोटं नवा कोबा घालू, तुमच्या नातवंडांना पुरेल."

ताई खूश. मी मापाची टेप गुंडाळली. जावयाच्या मताला या धंद्यात किती किंमत आहे ते कळलं.

बुधवार, ११ तारीख

आज जुनी फरशी घासून काढली. घासायचं यंत्र एवढं किंचाळतं की दात आंबतात. मी कानात बोळे कोंबून वर टोपडं बांधलं. सासरेबुवा उघड्या कानांनी यंत्र चालवत होते. चाळीस वर्षं तसंच चालवतायत. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले, "कान बंद केले तर फरशीचं दुखणं कसं कळणार? वैद्य कधी हातमोजे घालून नाडी बघतो का?"

आमच्याबरोबर पैलवान असतो. मालाचं मिश्रण तो करतो आणि टेम्पोही तोच चालवतो. कधी काळी कुस्ती खेळायचा, आता नुसतं नाव उरलंय आणि पोट. पैलवानाची एक गोष्ट मला फार आवडते. सासरेबुवांना काही सांगायचं असलं की तो लांबून हाका मारत नाही. चालत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभा राहतो, ते वर बघेपर्यंत थांबतो आणि मग बोलतो. जुन्या माणसांचा आदर हा असा. मी आपला मागून बोंबलत असतो. कदाचित म्हणूनच त्यांना माझा राग येत असेल.

तो कोपरा मी आज टाच आपटून बघितला. यंत्राच्या आवाजात काहीच कळलं नाही.

शुक्रवार, १३ तारीख

कोबा घातला. सासरेबुवांना काम करताना बघत राहावं. गुडघ्यांना फळकुटं बांधून ते मागे मागे सरकत थापीने घोटत जातात, आणि त्यांच्या मागे काळपट, गुळगुळीत पृष्ठभाग तयार होत जातो. एक लाट नाही, एक वण नाही. घोटून झालं की उकिडवे बसून तिरप्या उजेडात बघतात. तेव्हा त्यांचा चेहरा असा निवलेला असतो, की मला वाटतं, या माणसावर संशय घेणारा मी कोण लागून गेलो?

पण घालायच्या आधी मी कोपऱ्यात हातोडीचा दांडा आपटला होता. पैलवान बाहेर मिश्रण करत होता, आत कुठलंच यंत्र चालू नव्हतं. दारापाशी आपटला तर टण्ण. कोपऱ्यात आपटला तर ढब. पुन्हा दारापाशी टण्ण, पुन्हा कोपऱ्यात ढब. सासरेबुवा चार हातांवर पाठमोरे बसून थापी पुसत होते. त्यांनी ते ऐकलं नाही असं होणंच शक्य नाही. ऐकलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे त्याला काही अर्थ नसणार. चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ढब आणि टण्णमधला फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो.

हे मी स्वतःला दिवसभर सांगितलं. आता वहीलाही सांगतोय.

मंगळवार, १७ तारीख

कोब्यावर ओली पोती अंथरून पाणी मारत राहायचं काम माझ्याकडे आहे. लवकर सुकला तर तडकतो. एकटाच होतो. दुपारी पाऊस आला, चांगला जोराचा. पन्हळ भरून वाहायला लागली आणि सगळं पाणी त्या पाइपातून गडगडत खाली गेलं.

मी छत्री घेऊन घराभोवती फेरी मारली. खाली गेलेलं पाणी कुठेतरी बाहेर यायला हवं ना? रस्त्याच्या गटारात येत नाही. मागच्या अंगणात येत नाही. ताईंना विचारलं, "या पाइपाचं पाणी पुढे जातं कुठे?" त्या म्हणाल्या, "भाऊ, वीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नाही. जात असेल कुठेतरी."

जात असेल कुठेतरी. इतक्या वर्षांचं पाणी गॅरेजच्या पोटात जात असेल आणि जाताना माती घेऊन जात असेल, तर त्या फरशीला खालून आधार कसला? नवा कोबा दगडासारखा असला तरी तो बसलाय जुन्या फरशीवर, आणि जुनी फरशी कदाचित हवेवर.

परत येताना स्कूटरवर सासरेबुवांच्या मागे बसून हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मुद्देसूद. पाइप, पाणी, माती, पोकळी. चौकापर्यंत सांगत होतो. हूं नाही की चूं नाही. वळल्यानंतरही इंडिकेटर टिकटिकत राहिला होता. तेही सांगितलं. तोही घरापर्यंत तसाच टिकटिकत आला.

एवढा अपमान मी लिफ्टच्या कंपनीतही सहन केला नव्हता.

रविवार, २२ तारीख

दुपारी जेवायला सासरी. टीव्ही इतका मोठा लावलेला, की बातम्या देणारा आमच्याच पानावर बसलाय असं वाटावं. सासरेबुवा खुशीत होते. एकटेच बोलत होते. हल्ली ते फार बोलतात. कुठल्या तळघरात कशी ओल आली होती, कुणाच्या गॅरेजमध्ये कसा रोडरोलर उभा केला तरी कोबा हलला नाही. मध्ये कुणी काही विचारायची सोयच ठेवत नाहीत. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

परतताना हिला विचारलं, "तुझ्या बाबांना मी आवडत नाही, खरं ना?"

"तुम्हाला काय झालंय? परवाच कौतुक करत होते तुमचं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जावई शांत आहे. कामाशी काम. अजिबात बडबड करत नाही."

मी शांत! माझ्या अखंड बडबडीपायी हिने मला ही वही घ्यायला लावली. म्हातारा टोमणे मारण्यात पटाईत आहे, एवढंच म्हणेन. ही मात्र ते खरं समजून हसत होती.

घरी आल्यावर हिला कोपऱ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. बाबांनी साखळी ओढली ना? मग झालं." तिच्या लहानपणापासून घरात हे वाक्य चालत आलंय. बाबांनी साखळी ओढली की विषय संपला.

शुक्रवार, २७ तारीख

कोबा घासून त्यावर चकाकीचा थर दिला. आरशासारखा दिसतो. ताईंनी चपला दारात काढून मग आत पाऊल टाकलं. स्वतःच्याच गॅरेजमध्ये. सासरेबुवा एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं.

मी कोपऱ्यात गेलोच नाही. त्या बाजूला बघितलंही नाही. त्यामुळे बरं वाटलं असं नाही.

मंगळवार, १ तारीख

आज व्हॅन रिव्हर्सने आत गेली. मी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघितली. मागची चाकं कोपऱ्यापर्यंत जात नाहीत, हातभर अलीकडे थांबतात. हातभर म्हणजे काय अंतर झालं? पण काही झालं नाही. व्हॅन उभी राहिली, ताई उतरल्या, दार खाली ओढलं.

काही झालं नाही, हे मी दिवसभर मनाशी घोकतोय.

गुरुवार, ३ तारीख

कालपासून पाऊस थांबलेला नाही. सकाळी राहवेना, म्हणून चकाकी बघायच्या निमित्ताने ताईंकडे गेलो.

व्हॅन दाराबाहेर, गॅरेजमध्ये मुलं. पाऊस असला की आसपासची मुलं रस्त्यावर उभी राहत नाहीत, ताईंच्या गॅरेजमध्येच जमतात आणि तिथूनच व्हॅनमध्ये चढतात. हे मला माहीत नव्हतं. पाठीवर दप्तरं, ओले रेनकोट, आणि बूट काढून मोज्यांवर घसरायचा खेळ चाललेला. दारापासून धावत यायचं आणि सुर्रकन थेट मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीला हात लावला की जिंकलं. मुलं त्या कोपऱ्यात एकमेकांवर जाऊन आदळत होती. ताई हसत होत्या. "तुमच्या बाबांनी घसरगुंडीच करून दिली," म्हणाल्या.

मुलं व्हॅनमध्ये बसेपर्यंत मी तसाच उभा होतो. सगळी बसल्यावर कोपऱ्यात वाकून बघितलं. पाइपापासून निघून तिरपी आलेली, केसाएवढी रेघ. शुक्रवारी चकाकी देताना ती असती तर सासरेबुवांच्या नजरेतून सुटली नसती. मी बोट फिरवलं तर नखाला लागली. पाइपातून पाणी गडगडत खाली जातच होतं.

ताईंना म्हणालो, "दोन दिवस व्हॅन बाहेर ठेवा. मुलांनाही आत घेऊ नका. चकाकी अजून कच्ची आहे, डाग पडतील."

खोटं बोललो. खरं बोललो असतो तर सासरेबुवांच्या चाळीस वर्षांवर मी ओली माती ढकलली असती, आणि तीही एका रेघेच्या जिवावर. पण समजा ताईंनी ऐकलंच नाही, तर?

शुक्रवार, ४ तारीख

दुपारी ताईंचा फोन. "भाऊ, मुलं आज रस्त्यावर भिजली. एकाच्या आईने मला चार शब्द ऐकवले. डाग पडले तर पडू देत, सोमवारी मी त्यांना आत घेणार."

सोमवारी! मी फोन ठेवला आणि तडक सासरी गेलो. सासरेबुवा चहा पीत बसले होते. मी टीव्ही बंद केला, खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी पुढ्यात बसलो. माझ्या आयुष्यात मी एवढं धैर्य दाखवलेलं नाही. एकेक शब्द सावकाश म्हणालो, "बाबा, व्हॅनवाल्या ताईंचा कोबा मागच्या कोपऱ्यात पोकळ आहे. तडा गेलाय. तिथे मुलं खेळतात."

त्यांनी कप खाली ठेवला. या वेळी उत्तर मिळालं. "पोकळ? कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. हातोडीला ढब वाजतं."

ते लाल झाले. "जावईबापू, तुम्ही घमेलं धरायला शिकलात त्याला वर्ष झालं नाही. मी साखळी ओढलीय तिथे. माझ्या हातचा एक कोबा खचला नाही आजवर. उद्या चला. तुमच्यासमोर त्या कोपऱ्यात उभा राहून दाखवतो."

ही आणि सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. उलट आता दोन धास्त्या झाल्या. माझं खोटं ठरलं तर मी या घरात तोंड कसं दाखवू, आणि माझं खरं ठरलं तर ते कसं दाखवतील?

शनिवार, ५ तारीख

सगळं क्रमाने लिहितो. वेळ थोडा आहे.

सकाळी मी, सासरेबुवा आणि पैलवान ताईंकडे गेलो. शाळेला सुट्टी, मुलं नव्हती. व्हॅन बाहेर रस्त्यावर. पाऊस थांबला होता, पण पाइपात अजून पाण्याची धार होती.

रेघ आता केसाएवढी राहिली नव्हती. त्यात नाण्याची कड शिरली असती. सासरेबुवांनी ती बघितली, क्षणभर थांबले. मग म्हणाले, "वरवरची आहे. माल सुकताना होतं असं." आणि ताडताड चालत कोपऱ्यात गेले. आमच्याकडे पाठ करून, पाइपाकडे तोंड करून उभे राहिले आणि टाच आपटायला लागले. "हे बघा. हे बघा, दगड आहे. येऊ दे कुणाला यायचं ते."

ढब. ढब. ढब.

ताईंनी कोबा कशाशी खातात हेही कधी शिकलेलं नाही. पण दुसऱ्याच टाचेला त्या दोन पावलं मागे सरकल्या. पैलवानाच्या हातातली पहार भिंतीला टेकली. ढोल वाजत होता तिथे. सासरेबुवा मात्र आपटत होते आणि म्हणत होते, "दगड आहे, दगड."

तेवढ्यात खालून आवाज आला. वाळूचा ढीग घसरावा तसा, लांबलेला. मग एक बारीक कट्ट.

"बाबा, बाजूला व्हा," मी म्हणालो. ते टाच आपटत होते. "बाबा, मागे या." ताई ओरडल्या, "काका, अहो काका!" मी छातीच्या तळापासून ओरडलो. म्हाताऱ्याची मान हलली नाही, खांदा हलला नाही. हट्टी माणूससुद्धा किंकाळी ऐकून दचकतो. ते दचकलेसुद्धा नाहीत.

पैलवान एकटा ओरडत नव्हता. तो भिंतीकडेने त्यांच्या समोर कसं जाता येईल ते बघत होता.

तेव्हा मला कळलं. स्कूटर, टीव्ही, फोन, पुढ्यात जाऊन उभं राहणारा पैलवान, शांत जावई. सगळं एकदम कळलं, आणि त्या कोपऱ्यात पाऊल टाकायची माझी हिंमत नव्हती. पैलवानाचं वजन तर त्या फरशीवर पडूच द्यायचं नव्हतं. मी त्याला हाताने थांबवलं. कोबा सपाट करायची लांब ॲल्युमिनियमची पट्टी दाराशी पडली होती. ती उचलली, जमिनीवर पालथा पडलो आणि पुढे सरकवत सरकवत तिचं टोक बाबांच्या खांद्याला लावलं.

ते वळले. आधी पट्टीकडे बघितलं, रागाने. मग आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे. आमच्या चेहऱ्यांवर काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यांचा राग जागच्या जागी गेला. माझं तोंड हलत होतं तिकडे त्यांनी नीट बघितलं आणि पट्टीच्या कडेकडेने, हळूहळू, माझ्यापर्यंत चालत आले. मी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

पैलवानाने दाराच्या बाजूने पहार मारली. पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्या घावाला कोपऱ्यातला सगळा तुकडा, नवा कोबा, जुनी फरशी, चकाकी, सगळं मिळून खाली गेलं. खाली जायला त्याला वेळ लागला. धूळ बसल्यावर बघितलं. उभा माणूस मावेल एवढा खड्डा, तळाशी पाणी, आणि मध्येच तुटलेल्या पाइपाचं तोंड. वरच्या उरलेल्या फरशीची खालची बाजू दिसत होती. व्हॅनची चाकं थांबायची त्याच्याही पुढपर्यंत खाली काही नव्हतं.

ताई दारातच खाली बसल्या. त्या मुलांची नावं घेत होत्या, एकेकाचं.

मी पैलवानाला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"कान गेलेत, हे माहीत होतं," तो म्हणाला. "साखळीचं एवढं नव्हतं वाटलं. आणि तुम्हाला माहीत असेलच ना. घरचे तुम्ही."

बाबा बादली पालथी घालून बसले. मी दुसरी बादली त्यांच्या समोर ठेवून बसलो. बराच वेळ ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. "आधी कानाला कळायचं," ते म्हणाले. "मग कानाला कमी कळायला लागलं, पण साखळी हातात थरथरते ना, ते हाताला कळायचं. मला वाटलं, तेवढं पुरे. ऐकू येत नाही म्हटलं तर साखळी कोण ओढू देणार?"

मग ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तुला ऐकू आलं होतं? पहिल्या दिवशी?" मला अरेतुरे त्यांनी पहिल्यांदाच केलं.

"हो."

"मग बोलायचं नाही? तोंड शिवलं होतं?"

"बोललो होतो, बाबा. तुमच्या मागून. दोनदा."

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी जमिनीकडे बघायला लागलो तर त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, लहान मुलाचं करतात तसं. त्यांना माझे ओठ दिसायला हवे होते.

"आणखी कुठे कुठे बोलला होतास?"

मी आठवायला लागलो. पहिल्या काही ठिकाणी काहीच नव्हतं, ती घरं सोडली. मग आठवलं. शिवणवाल्या मावशी. ताईंचा कोबा ओला असताना, मधल्या आठवड्यात आम्ही तिथे गेलो होतो. त्यांचं गॅरेज वर आहे आणि बरोबर त्याच्या खाली तळघर. तळघरात शिवणयंत्रं मांडून बायका काम करतात. वरच्या फरशीवर बाबांनी साखळी ओढली, आणि मधोमध आवाज घुमला होता. मला वाटलं, खाली खोली आहे म्हणून घुमत असेल. मग वाटलं, फक्त मधोमधच कसा घुमेल?

"बोलला होतास?" बाबांनी पुन्हा विचारलं.

नव्हतो बोललो. त्या दिवशी मी वहीतही काही लिहिलं नाही, कारण धास्ती वाटलीच नव्हती. नुसता राग होता. यांना उत्तर द्यायचं नसेल तर मला तरी काय पडलंय, असं म्हणून मी मुकाट्याने घमेली उचलली होती. परवापासून तिथे वर मावशींच्या मुलाचा मालाचा ट्रक उभा राहतो.

"नाही, बाबा," मी म्हणालो. "तिथे मी नाही बोललो."

ते उठले. "चल," म्हणाले. "खाली माणसं आहेत तिथे आधी."

ताईंनी गॅरेजला बाहेरून कुलूप लावलंय आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. आम्ही आता टेम्पोत आहोत. पैलवान चालवतोय, बाबा मध्ये, मी खिडकीशी. मावशींना फोन लावतोय. वाजतो आणि बंद होतो. पुन्हा लावतो. दर वेळी बाबा माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी मानेनेच नाही म्हणतो. शनिवारी त्यांचं काम चालू असतं. यंत्रं चालू असली की खाली फोन ऐकू येत नाही.